साडेसहाची वस्तीची गाडी

मी लग्नाचे फोटो काढतो. म्हणजे अंधार दिसला की तो घालवायचा, हाच धंदा. शहापुरात वडिलांनी थाटलेला स्टुडिओ आहे. पासपोर्ट, बारसं, साखरपुडा, हळद, आणि मुहूर्त असले की एका दिवसात दोन-दोन लग्नं. कार्यालयातली लाइट गेली तरी माझ्याकडे दोन फ्लॅश आणि एक छत्री असतेच. त्यामुळे गेल्या डिसेंबरात एका रस्त्याचा एक फोटो काढायला मला तीन रविवार लागले, हे कळल्यावर स्टुडिओतला आमचा पोरगा पोट धरून हसला. त्याला म्हटलं, तू ये एकदा. तो आला नाही. पहाटे साडेपाचला उठणाऱ्यातला तो नाही.

रस्ता मावशीच्या गावचा. बेळगावहून जांबोटी रोडनं पिरनवाडी, किणये मागे पडलं की हवा बदलते, हे गाडीवरून जाणाऱ्याच्या गुडघ्यांना आधी कळतं. पुढे एक फाटा फुटतो. गावाचं नाव मी लिहीत नाही. मागे एकानं जवळच्याच एका ओढ्यावरच्या धबधब्याचं लोकेशन टाकलं होतं, त्या ओढ्यात आता पाण्यापेक्षा बाटल्या जास्त आहेत. एवढं सांगतो की फाट्यापासून गाव दीड किलोमीटर, आणि त्यातला गावाकडचा अर्धा किलोमीटर म्हणजे झाडांचा बोगदा आहे. वड, आंबा, चिंच, करंज, जांभूळ, मधेच एक नांदुरकी. दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींत गेलेल्या. मे महिन्यात भर दुपारी तिथं शिरलं की कुणीतरी मानेवर ओला हात ठेवल्यासारखं वाटतं.

लहानपणी एस.टी. फाट्यावर सोडायची आणि तिथून आईबरोबर चालत जायचं. दिवस मावळायच्या आत पोचायचं ठरलेलं असायचं आणि कधीच पोचायचं नाही. बोगद्यात शिरलो की मी आईचा पदर धरायचो आणि आई झाडांची नावं घेत चालायची. हा गाडीवड, इथं बैलं सोडायचे. ही मुक्कामाची चिंच. हा शेंदऱ्या, हा खोबऱ्या. हे जोडकरंज. हा मुंजाचा पिंपळ, इकडं बघू नको, सरळ चाल. भीती घालवायला नावं घ्यायची आणि मुंजाचं नाव घेऊन ती परत आणायची, असा तो प्रकार. पण मला ती सबंध माळ पाठ झाली होती. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. आता अर्धी नावं आठवतात, आणि कुठलं झाड कुठलं ते तर त्याहून कमी.

शाळेत इतिहासाच्या पेपरात कुठलाही राजा आला तरी एक वाक्य ठोकून द्यायचं असायचं, 'त्याने रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावली.' एक मार्क नक्की. अशोकाच्या बाबतीत ते खरंच आहे. त्याच्या सातव्या स्तंभलेखात स्वतःच सांगितलंय, जनावरांना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावले, आमराया लावल्या. आमच्या फाट्यावर कुठला अशोक आला होता ते कुणालाच सांगता येत नाही. पण वडच का, हे काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, एका वाक्यात सांगितलं. "मनगटाएवढी फांदी तोडून पावसाळ्यात रोवली की लागतंय ते, रोप घालत बसायला नको." जनावर खाणार नाही एवढी उंच फांदी थेट रोवायची. सावलीचा कार्यक्रम दहा वर्षं लवकर सुरू.

वडाची गोष्ट निघालीच आहे तर, आमच्या खानापूर तालुक्यात एका वडाला कुणी हात लावायची हिंमत करणार नाही. १८३१ साली इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला फासावर चढवलं ते नंदगडजवळ. तिथं त्याच्या समाधीपाशी वड आहे, लोक त्याला नमस्कार करून जातात. कन्नड, मराठी दोघंही. बाकीच्या वडांच्या मागं असं कुणी नाही.

तर फोटो. पहिल्यांदा मी संध्याकाळी गेलो होतो, नोव्हेंबरात, सहज. दिवेलागणीची वेळ, स्कूटर बाजूला लावली, ३५ एम.एम.ची लेन्स पूर्ण उघडली, एफ १.८, आयएसओ ३२००, आणि हातातच कॅमेरा धरून मारले आठ-दहा. स्क्रीनवर बरे वाटले. घरी कॉम्प्युटरवर उघडले तर झाडांच्या जागी भिजलेली गोधडी. शटर पडला होता सेकंदाचा दहावा भाग. आमच्या धंद्यात साधा हिशोब असतो, लेन्स जेवढ्या एम.एम.ची तेवढ्याव्या भागाच्या खाली हातात धरून जायचं नाही. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ३५ची लेन्स ५०सारखी वागते, म्हणजे निदान एक पन्नासांश तरी हवा. मी त्याच्या पाचपट वेळ हात स्थिर धरायला निघालो होतो. पंचवीस वर्षं फ्लॅश वापरून माणूस असा उद्धट होतो. फ्लॅशचा लखकारा सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो, हात हलला काय नि नाही हलला काय.

फ्लॅश मारून पाहिला का? पाहिला. खोटं कशाला बोलू. समोरचं पहिलं झाड भुतासारखं पांढरं आणि मागं सगळं डांबर. प्रकाश अंतराच्या वर्गानं कमी होतो. पाच मीटरवरच्या झाडाला जेवढा मिळतो त्याच्या चौथा हिस्सा दहा मीटरवरच्याला, सोळावा वीस मीटरवरच्याला. अर्धा किलोमीटरच्या बोगद्याला फ्लॅश मारणं म्हणजे विहिरीत उदबत्ती लावणं.

मग ठरवलं, पहाटेचं यायचं आणि तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, घेऊन यायचं. शनिवारी रात्री मावशीकडे मुक्काम. मावशी म्हणाली, "एवढ्या पारी त्या झाडीत काय ठेवलंय रे?" फोटो, म्हटलं. "मग मी येतो संगट." आमच्याकडं बायकाही येतो, जातोच म्हणतात. पुण्याची माणसं पहिल्यांदा ऐकतात तेव्हा दचकतात. तिला कसंबसं थांबवलं. काकांनी मात्र गंभीर होऊन बजावलं की गप्प उभा राहू नको, बोलत राहा नाहीतर मोबाइलवर भजन लाव. या पट्ट्यात अस्वलं आहेत. गवा लांबून दिसतो, अस्वल अचानक समोर येतं, आणि ते दचकलं की अंगावर येतं. म्हणून माझ्या त्या तिन्ही पहाटेच्या फोटोंना एक अदृश्य साउंडट्रॅक आहे, मी स्वतःशी मोठ्यानं सेटिंगं बोलतोय.

आपल्याकडं उशिरा उजाडतं, हे कुणाच्या लक्षात आलंय का? देशाचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलंय, बेळगाव आहे ७४.५च्या आसपास. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा अर्धा तास मागं. डिसेंबरच्या शेवटी सूर्य वर यायला जवळजवळ सात वाजतात. खगोलवाले पहाटेचे तीन भाग करतात, सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांवर आला की पहिला, बारावर दुसरा, सहावर तिसरा. आई याला अनुक्रमे पहाट, झुंजूमुंजू आणि फटफटलं म्हणायची. अंश मोजले तर आई दोन-तीन मिनिटांनी इकडं-तिकडं असेल. मला हवं होतं ते झुंजूमुंजू संपून फटफटायला लागतं ते. आकाश निळं असतं, झाडाखाली अजून रात्र असते. शेवटचे सहा अंश इथं तेवीस-चोवीस मिनिटांत सरतात. त्यातली कामाची पाच.

पहिला रविवार धुक्यात आणि दहिवरात गेला. लेन्सची काच थंड झाली की हवेतलं पाणी तिच्यावर येऊन बसतं. मी पुसतोय, परत येतंय. शेवटी मफलर लेन्सभोवती गुंडाळला आणि स्वतः कुडकुडत उभा राहिलो. (आणि त्या थंड कॅमेऱ्यासकट मावशीच्या चुलीपाशी गेलो तर काच आतूनबाहेरून घामेजली. आता बॅगेतच ठेवतो, बॅग अर्धा तास तशीच बंद.)

फोकसचा वेगळाच घोळ. अंधारात कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही, लेन्स पुढं-मागं घुर्र घुर्र करत राहते, दळण दळल्यासारखी. पण रस्त्याकडेच्या झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे असतात ना, ते कामाला आले. एफ ८ला ३५ची लेन्स साधारण पावणेआठ मीटरवर लावली की चार मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. दहा पावलं मोजली, तिथल्या झाडाच्या पांढऱ्या पट्ट्यावर बॅटरी मारली, फोकस घेतला, आणि ऑटोफोकसची कळ बंद करून टाकली. पट्टे रात्री गाडीवाल्यांना दिसावेत म्हणून रंगवतात. मला ते फोटोवाल्यांसाठीच काढलेत असं वाटायला लागलंय.

त्या दिवशी धुकं थोडं हटल्यावर एक फ्रेम मिळाली. कॅमेऱ्याला म्हटलं, तूच ठरव. त्यानं तीस सेकंद घेतले आणि दाखवलं काय, तर सकाळचे दहा. हिरवी पानं, राखाडी रस्ता, प्रत्येक मुळी स्पष्ट. गावच्या सोसायटीच्या कॅलेंडरवर छापावा असा. आणि मी जिथं उभा होतो तिथं मला स्वतःचा हात दिसत नव्हता.

यात कॅमेऱ्याची चूक नाही. त्याला कुणीतरी शिकवून ठेवलंय की जग सरासरी मध्यम करड्या रंगाचं असतं. काळी म्हैस दाखवा, तिला करडी करेल. नवरदेवाचा पांढरा फेटा दाखवा, त्यालाही करडा करेल. रात्र दाखवली की तिचा दिवस करतो. लग्नात मी हे रोज दुरुस्त करतो, फेटा पांढरा राहावा म्हणून थोडं वर नेतो. इथं उलटं करायचं होतं, दीड-दोन स्टॉप खाली, म्हणजे कॅमेरा ठरवतो त्याच्या निम्म्याहून कमी उजेड. माहीत होतं सगळं, पण हात होईना. आयुष्यभर गिऱ्हाईक "जरा ब्राइट करा की हो" म्हणत आलंय. चेहरा काळा आला तर पैसे कापतात. मुद्दाम काळा फोटो काढायचा म्हणजे जेवणात मुद्दाम मीठ कमी घालण्यासारखं वाटत होतं.

वडील याबाबतीत सरस होते. त्यांची सगळी कमाईच अंधारात झाली. याशिका मॅट कॅमेऱ्यातला रोल धुवायचा तो पूर्ण काळोखात, आणि कागदावर प्रिंट काढायची ती लाल दिव्यात. मी विचारायचो, लाल दिवा कसा चालतो? ते म्हणायचे, कागदाला लाल दिसत नाही. इंदूचा कागद यायचा, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, त्याचं पाकीट त्या लाल दिव्यात उघडायचं. पुढे कळलं की अंधारात आपले डोळेही त्या कागदासारखेच वागतात. उजेडात काम करणाऱ्या पेशी वेगळ्या, त्या रंग ओळखतात. अंधारात दुसऱ्या पेशी कामाला लागतात, त्यांना रंग कळत नाही, आणि लाल तर जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे संध्याकाळ पडायला लागली की लाल सगळ्यात आधी काळा पडतो, निळा-हिरवा मागं उरतो. यान पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलं. मावशीच्या दारची जास्वंद बघा एकदा दिवेलागणीला. फूल काळं, पान उजळ. कॅमेऱ्याचं असं काही होत नाही. त्याला मध्यरात्रीही लाल तो लालच.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्याच रविवारी आणखी एक गोष्ट झाली. आवराआवर करत होतो तेवढ्यात गावाकडून वस्तीची गाडी आली. रात्री शेवटची बस गावातच मुक्कामाला थांबते आणि सकाळी तीच पहिली म्हणून बेळगावला सुटते. साडेसहाची. ती माझ्या पाठीमागून आली, हेडलाइटनं समोरचा सगळा बोगदा आतून पेटला, फांदी न् फांदी पिवळी झाली, मग ती पुढे गेली आणि तिच्यामागं अंधार मिटत गेला. दोन लाल दिवे लांब जाऊन वळणावर विझले. मी हातात लेन्सचं झाकण घेऊन तसाच उभा. ठरलं. फोटो हा काढायचा.

दुसऱ्या रविवारी मी सव्वासहालाच तयार. तिकाटणं डाव्या कडेला, अगदी खाली बसवलेलं, कारण डांबरावर दहिवर पडलेलं असतं आणि खालून बघितलं की रस्त्यात आकाशाची निळी पट्टी दिसते. एफ ८, आयएसओ ४००, वीस सेकंद. व्हाइट बॅलन्स उन्हाचा, म्हणजे निळं ते निळंच राहील. टायमर दोन सेकंदांचा, कळ दाबताना हात लागू नये म्हणून. वारा नाही, पान हलत नाही. सूर्य वर आला की दहा मिनिटांत वारा सुटतो आणि मग वीस सेकंदांत पानांची भाजी होते. लांबून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बसचा पिवळा उजेड अजून गावात होता. म्हटलं, एक चाचणी घेऊ. कळ दाबली. वीस सेकंद झाले. शटर मिटला. आता गाडी आली, परत कळ दाबतोय तर कॅमेरा ढिम्म. आत नुसतं 'जॉब एनआर' लुकलुकतंय.

झालं असं की लांब एक्स्पोजरमध्ये सेन्सर तापतो आणि काही ठिपके उगाचच लाल-निळे चमकतात, त्यांना हॉट पिक्सेल म्हणतात. ते काढायला कॅमेरा एक युक्ती करतो. तुमचा वीस सेकंदांचा फोटो झाला की शटर बंद ठेवून आणखी वीस सेकंद नुसत्या काळोखाचा फोटो घेतो आणि त्यातले ठिपके पहिल्यातून वजा करतो. ती सोय माझ्या कॅमेऱ्यात चालू होती. वीस सेकंदांत बस कुठं गेली असेल सांगा.

कुठंच गेली नव्हती. ती माझ्याशेजारी येऊन थांबली होती. ड्रायव्हरनं खिडकीतनं डोकं काढलं. "एन माडाकत्तीरी?" काय करताय? म्हटलं, फोटो री. "फोटो? ई कत्तल्यागा?" या काळोखात? आत चार बायका भाजीच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या, त्या वाकून माझ्याकडं बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "अगं, तो शहापूरच्या स्टुडिओचा काय गं?" मी काय सांगणार? धीर करून ड्रायव्हरला म्हटलं की पुढच्या रविवारी न थांबता हळू जाल का, आणि मोठा लाइट न टाकता. त्यानं कंडक्टरकडं बघितलं. कंडक्टर मराठी. तो म्हणाला, "डिपर मारून जातो की, त्यात काय. पण आमचा फोटो येतोय काय त्यात?" म्हटलं, तुमचे मागचे दिवे येतील. दोघंही हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तिसऱ्या शनिवारी रात्री आलो, नऊ वाजून गेले होते. त्या रस्त्यावर रात्री स्कूटर चालवताना डोळे खड्ड्यांवरून उचलता येत नाहीत, आजूबाजूचं काही बघितलं नाही. हे मुद्दाम सांगतोय.

पहाटे सगळं जमून आलं. काळोखाचा फोटो घेणारी ती सोय आधीच बंद करून टाकली. ठिपके पडले तर पडले, घरी एकेक पुसेन. बस निघाली. यंदा चाचणी नाही. हेडलाइट माझ्या सावलीला समोर ढकलत आला, डिपरवर, झाडांच्या फक्त कमरेपर्यंत. बस शेजारून गेली तशी कळ दाबली. दोन सेकंदांचा टायमर मी विसरलोच होतो, पण तो फायद्याचा ठरला, बस फ्रेमच्या बाहेरून आत शिरताना सापडली नाही, चार झाडं पुढे गेल्यावर सुरू झाली. वीस मोजले. खिडकीतून कंडक्टरनं हात केला असावा, अंधारात काहीतरी हललं.

स्क्रीनवर बघितलं आणि मोठ्यानं "आलं!" असं ओरडलो. आसपास अस्वल असेल तर तेही पळालं असेल. वर निळसर काळी कमान, खाली ओल्या डांबरावर आकाशाची पट्टी, आणि मधून दोन लाल रेघा ओढल्यासारख्या वळणापर्यंत गेलेल्या. बुंधे एका बाजूनं जेमतेम उजळलेले. बाकी सगळा काळोख, जसा होता तसा. उजेड वाढण्याआधी लगेच त्याच सेटिंगवर बिनबसचा एक काढून ठेवला, असावा म्हणून.

आणि त्या दुसऱ्या फोटोत ते दिसलं. मोठं करून बघत होतो. बुंध्यांवर लाल ठिपके. एक इथं, एक तिथं. म्हटलं, झालं, सोय बंद केली त्याचं फळ, हॉट पिक्सेल. पण हॉट पिक्सेल आकाशात पडतो, रस्त्यावर पडतो, कुठंही पडतो. हे सगळे बुंध्यांवरच, आणि सगळे एकाच उंचीवर, चुन्याच्या पट्ट्याच्या वर वीतभर. मग वाटलं बसच्या दिव्याचं काही प्रतिबिंब असेल, पण बस तर केव्हाच गेली होती. डोळे वर करून समोरच्या झाडाकडं बघितलं. काही नाही. काळी साल. परत स्क्रीन. लाल. परत झाड. काळं.

बॅटरी घेऊन दहा पावलं गेलो. ज्या पट्ट्यावर दोन आठवडे फोकस घेत होतो त्याच झाडावर, लाल ऑइलपेंटनं, ओघळ आलेला आकडा होता. २७.

पुढच्यावर २८. समोरच्या रांगेत ९, १०, ११. मी फाट्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. तोवर फटफटलं होतं आणि आकडे आता बॅटरीशिवायही दिसायला लागले होते, एकेक करत, तपकिरी, मग विटकरी, मग लाल. ४१ झाडं.

चहा पिताना विचारलं तर मावसभाऊ म्हणाला, बुधवारी आले होते दोघं, टेप घेऊन. रस्ता रुंद होणार म्हणतात. मला काहीतरी बोलायचं होतं, पण त्यानंच आधी सांगितलं. दोन वर्षांमागं काकांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा अँब्युलन्स त्या बोगद्यात पेंढ्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरसमोर अडकली होती. कोण मागं जाणार यात वीस मिनिटं गेली. "झाडं तुझ्या फोटोत बरी दिसतात दादा. आम्हाला त्यातनं जायचं असतंय." यावर मी काय बोलणार? काका समोर बसून बशीतनं चहा ओढत होते म्हणून बोलायची गरज पडली नाही एवढंच. तरी मला वाटतंच की एका बाजूची झाडं ठेवून दुसऱ्या बाजूनं रस्ता काढता येतो. पलीकडं पडीक आहे. तसं मी म्हटलं. भाऊ म्हणाला, पडीक कुणाचं आहे ते माहीत आहे काय? मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. लिहीत नाही.

बसवाला फोटो बारा बाय अठराचा छापला, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर काळोख आरशासारखा दिसतो, त्यात आपलंच तोंड. लॅबमधल्या मुलानं फोन करून विचारलं, "सर, फाइल डार्क आहे, लेव्हल वाढवू काय?" पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला तरी म्हणालो, नको, तशीच राहू दे. कंडक्टरला आणि ड्रायव्हरला एकेक लहान प्रत दिली. ड्रायव्हरनं ती स्टिअरिंगच्या वर, देवाच्या फोटोशेजारी अडकवली आहे आणि चढणाऱ्याला सांगतो की ह्या लाल रेघा म्हणजे मी.

मावशीला मोठी प्रत नेऊन दिली. तिनं ती खिडकीपाशी नेली, लांब धरली, जवळ धरली. "काळोखच काढलास की रे." मग तिथंच बसली, मांडीवर घेऊन, आणि काळ्याभोर जागेवर बोट ठेवलं जिथं मला काहीच दिसत नव्हतं. "हा गाडीवड." बोट पुढे सरकलं. "ही मुक्कामाची चिंच. शेंदऱ्या. हे जोडकरंज, ही दोन धरायची." आईसारखाच सूर. मुंजाच्या पिंपळाशी आली तेव्हा बोट न टेकवताच पुढे गेली. मी वहीत लिहून घेत होतो आणि समोर त्यांचे आकडे टाकत होतो. शेवटी बेरीज केली. तिची ४३ झाली.

म्हटलं, मावशी, ४१ आहेत. मी चालून मोजलीत, आकडे आहेत वर.

"आकडं टाकणाऱ्यानं खोबऱ्या मोजला काय?"

खोबऱ्या मला वाटत होतं केव्हाच पडला. ती म्हणाली, पडला नाही, बांधाच्या आत आहे, रस्ता मधे एकदा सरकला तेव्हा तो आत गेला. आणि त्याच्यामागं एक वाकडं जांभूळ. तुला काय ठाऊक, तू पदर धरून डोळे मिटून चालायचास.

पुढच्या शनिवारी मुक्कामाला जातोय. बॅटरी नवी घेतली आहे.